सगुणेची उजवी बाजू

चिमाजीची घोडी उजवीकडे वळत नाही, हे मला कळायला पाच महिने लागले. पाच महिने रोज टांग्यात बसणाऱ्या माणसाला एवढी गोष्ट कळू नये, याचा अर्थ तो माणूस मंद असला पाहिजे, असं आमच्या घरात बोललं गेलं. पण मी टांग्यात मागे बसत असे. मागे बसणाऱ्याला आपण कुठून आलो ते दिसतं, कुठे चाललो ते दिसत नाही. माझ्या एकूण नोकरीबद्दलही हेच म्हणता येईल, पण तो विषय वेगळा.

मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात कारकून होतो आणि चिंचवड गावात कौशल्याबाईंच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. गावातून निघायचं, रेल्वेचं फाटक ओलांडायचं, मुंबई-पुणे रस्त्याला लागलं की उजवीकडे वळायचं आणि सरळ पिंपरी. इतका साधा रस्ता. पण चिमाजीचा टांगा रस्त्याला लागतच नसे. तो रस्ता सरळ ओलांडून पलीकडच्या आमराईत शिरे, तिथे डावीकडे वळे, मग आणखी एकदा डावीकडे, मग आणखी एकदा, आणि आमराईला पुरता वळसा घालून पुन्हा रस्त्यावर येई, तेव्हा घोडीचं तोंड बरोबर पिंपरीकडे झालेलं असे. मी एकदा विचारलं तेव्हा चिमाजी म्हणाला, "आमराईतनं गार वाटतं, सायेब." जानेवारीत मी स्वेटर आणि मफलर घालून त्या गारव्यातून जात होतो, तरी मला शंका आली नाही.

शंका आमचे हेडक्लार्क यशवंतराव यांना आली. आमराईच्या वळशाला दहा मिनिटं जात. फाटक बंद मिळालं की आणखी दहा. मार्चअखेर माझे नऊ लेटमार्क झाले, आणि तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापायची असा नियम मीच टाइप केलेला होता. यशवंतराव चष्म्यावरून पाहत म्हणाले, "पानसे, लेखी खुलासा द्या. आणि 'अपरिहार्य कारणामुळे' असं लिहू नका, ते आम्ही सगळे लिहितो."

त्या संध्याकाळी मी टांग्यात पुढे, चिमाजीच्या शेजारी बसलो आणि सरळ विचारलं. चिमाजी साठीचा माणूस, अंगाने वाळलेला, डोक्याला पागोटं, बोलणं मोजकं. त्याने आधी टांगा रस्त्याच्या कडेला घेतला. मग म्हणाला, "सगुणा उजवीकडं वळत न्हाई सायेब. ती बाजू धरलीया तिची. दोन वरसं झाली." मग हळूच, "कुणाला बोलू नगा."

मी कुणालाही बोललो नाही. मी फक्त लिहिलं.

आता इथे मला माझ्या हाताबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. बारा वर्षं कारकुनी केलेला हात हा माणसाच्या ताब्यात राहत नाही. इंग्रजीत मी झकास खुलासा लिहिला: अर्जदार ज्या टांग्याने प्रवास करतो त्याची घोडी उजवीकडे वळण्यास असमर्थ असल्याने अर्जदारास आमराईमार्गे यावं लागतं, सबब लेटमार्क माफ व्हावेत. खाली सही केली. सहीखाली कागद कोरा होता. ज्या पत्राखाली कुणालाच प्रत जात नाही ते पत्र मला उघडंबोडकं वाटतं. माझ्या हाताने आपण होऊन लिहिलं: 'प्रत माहितीसाठी' आणि त्यापुढे पुण्याच्या त्या कचेरीचं नाव, जिथून टांगेवाल्यांना बिल्ले मिळतात. नुसतं वजन यावं म्हणून. पण आमच्या जावक विभागात एक अतिशय कर्तव्यदक्ष माणूस होता, आणि त्याने ती प्रत खरोखर पाठवली.

माझे लेटमार्क माफ झाले. यशवंतरावांनी शेरा मारला, 'कारण नावीन्यपूर्ण व समाधानकारक.' मी घरी येऊन बायकोला, विमलला, तो शेरा दोनदा वाचून दाखवला.

दहा दिवसांनी सकाळी चिमाजी टांगा घेऊन आला तो खाली उतरला, आणि पागोट्यातून एक घडी केलेला कागद काढून त्याने माझ्या हातात दिला. "सायेब, विंग्रजी हाय. जरा वाचून दावा."

कागद त्या पुण्याच्या कचेरीचा होता. मी एकेक ओळ वाचत मराठी करून सांगू लागलो. सदर टांग्याची घोडी उजवीकडे वळत नाही अशी तक्रार आली आहे. वाढत्या मोटारी पाहता असा टांगा हमरस्त्यावर धोक्याचा आहे. तरी एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी अधिकारी चिंचवडला येतील, त्यांच्यासमोर टांगा दोन्ही बाजूंना वळवून दाखवावा. न वळल्यास बिल्ला रद्द होईल. एवढं सगळं मी वाचलं. मध्ये एक वाक्य होतं, 'श्री. पानसे, कारकून, यांच्या पत्रावरून.' ते वाक्य मी वाचलं नाही. तिथे मला खोकला आला.

"बिल्ला गेला तर काय कराल?" मी विचारलं.

"काय करनार? घोडी इकायची. म्हातारी झालीय, घेनारा काय कामाला घेनार ते समजा तुमी." चिमाजीने कागद परत पागोट्यात ठेवला. "चवदा वरसं हाय ती माझ्याकडं. मंजुळा आन ती, दोगीच हायत मला."

मंजुळाबाई म्हणजे त्याची बायको. त्या दिवशी मी पुढे बसलो आणि आमराईच्या तिन्ही वळणांवर सगुणेच्या पाठीकडे पाहत होतो. तपकिरी रंगाची, कपाळावर वाटीएवढा पांढरा ठिपका असलेली ती घोडी आपल्यामुळे विकली जाणार, हे मनातून जाईना. मला खरंच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जे करतो तेच मी केलं. मी दुसरा अर्ज लिहिला.

पहिला अर्ज मागे घ्यायला अर्धी रजा टाकून पुण्याच्या त्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने माझा अर्ज तीनदा वाचला. तो माझ्यासारखाच माणूस होता, म्हणून त्याच्याकडून मला आशा नव्हती.

"हे मागे घेता येणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"आमच्याकडे तुमचा अर्ज आलेलाच नाही. आमच्याकडे प्रत आली आहे. माहितीसाठी. माहिती एकदा झाली की ती परत कशी घेणार? तुम्ही मूळ अर्ज मागे घ्या."

मी यशवंतरावांकडे गेलो. ते म्हणाले, "मूळ अर्ज मंजूर होऊन फाइल बंद झाली. मागे घ्यायचा तर लेटमार्क पुन्हा लावावे लागतील, आणि ते लावायला कारण काय दाखवू? घोडी वळायला लागली असं लिहून द्या."

म्हणजे सरकारी मार्गानेसुद्धा उपाय एकच होता. घोडी वळायला लागली पाहिजे. हातात अठरा दिवस होते.

आमच्या शेजारी हिंदुराव राहत होते. रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, दफेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, मिशा अजून नोकरीवर असलेल्या. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, प्रत सोडून. ते खुर्चीत ताठ बसले. मला वाटतं गेल्या सहा वर्षांत कुणी त्यांना घोड्याबद्दल काही विचारलंच नव्हतं.

"पानसे, परत्येक घोड्याला एक मऊ बाजू असती आन एक टणक. परत्येक. मान्साला बी. टणक बाजू मोडायची नसती, मळायची असती. कणकीवानी." मग ते उठून उभे राहिले आणि स्वतःच घोडा होऊन दाखवू लागले. "नुसतं नाक उजवीकडं आन धड सरळ, ह्याला वळन म्हनत न्हाईत. नाकापासनं शेपटीपतुर घोडं धनुकलीवानी वाकलं पायजे. वळन मानंत न्हाई, बरगडीत हाय." कौशल्याबाई जिन्यावरून खाली येत होत्या, त्या हिंदुरावांना वाकलेले पाहून तशाच परत वर गेल्या.

शिकवायला गोल जागा हवी होती. ती गावाबाहेर बबनरावांच्या मळ्यात मिळाली. मळणी उरकली होती, खळं सारवलेलं, रिकामं पडलं होतं, आणि मधोमध तिवडा, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, तसाच उभा होता. बबनराव म्हणाले, "घ्या की. बैल बी हितंच फिरत्यात, घोडी फिरली तर खळ्याला काय कळतंय?"

पहिल्या सकाळी हिंदुरावांनी मला तिवड्याशी उभं केलं, सगुणेची लांब दोरी माझ्या हातात दिली, आणि तिला उजवीकडून गोल फिरवायला सांगितलं. सगुणेने मला पाहिलं, दोरी पाहिली, आणि ती शांतपणे डावीकडून चालू लागली. दोरी सोडायची नाही असा हुकूम होता, म्हणून मी सोडली नाही. पहिल्या फेऱ्यात माझे हात तिवड्याला बांधले गेले, दुसऱ्यात पोट, तिसऱ्यात चष्मा. चौथ्या फेऱ्याला दोरी संपली, आणि सगुणा माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. बबनराव बांधावर बसून म्हणाले, "इतका घट तर मी खांब बी बांधत न्हाई."

मग गुळाचा प्रयोग झाला. उजव्या बरगडीशी गुळाचा खडा धरायचा, म्हणजे तो घ्यायला घोडी मान मागे वळवते आणि कड मोकळी होते. सगुणेने मान वळवलीच नाही. ती अख्खी फिरली. मी गूळ घेऊन तिच्या बरगडीच्या मागे आणि ती गुळाच्या मागे, असे आम्ही एकाच जागी इतके फिरलो की शेवटी मी खाली बसलो आणि गूळ तिने बसल्या जागी माझ्या हातातून घेतला. त्यावर हिंदुरावांनी तिला गोठ्याच्या भिंतीशी डावी कड लावून उभं केलं. आता मागचं अंग सरकायला जागा नव्हती. तिने जरा वेळ विचार केला, आणि मग मान इंचभर वळवली. "दे गूळ. लगीच दे," हिंदुराव म्हणाले. "तिनं एक इंच दिला, तर आपुन हातभर मागायचं न्हाई. तिनं दिलं की आपुन सोडायचं. उद्या ती दीड दील." हे ऐकून मला वाटलं, आमच्या कारखान्यात हिंदुरावांना मॅनेजर नेमायला हवं.

तोवर ही बातमी गावभर झाली होती, आणि मला रस्त्याने सरळ चालणं मुश्कील झालं. प्रत्येकाकडे उपाय होता. कौशल्याबाईंच्या मते घोडीला दृष्ट लागली होती, आणि त्यांनी मला न विचारता तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या दिवशी शिंका घोडीला सोडून सगळ्यांना आल्या. यशवंतरावांनी ऑफिसात सुचवलं की डाव्या डोळ्याला झापड बांधा, म्हणजे डावी बाजू दिसणार नाही आणि ती नाइलाजाने उजवीकडे जाईल. मी हेडक्लार्कचा शब्द मोडत नाही. झापड बांधली. सगुणेने डावीकडे जाणंही बंद केलं आणि ती दीड तास फाटकाच्या तोंडाशी उभी राहिली. दोन्ही बाजूंना बैलगाड्यांची रांग लागली. मला त्या दिवशी पुन्हा लेटमार्क मिळाला, आणि या वेळी खुलासा मागताना यशवंतरावांनी मान खाली घातली होती.

पण दहा-बारा दिवसांत एक खरोखर चांगली गोष्ट झाली. सगुणा वाकू लागली. आधी भिंतीशी, मग खळ्यात मोठ्या फेऱ्यात, मग थोड्या लहान फेऱ्यात. तिच्या उजव्या बरगडीवर कातडी आधी ताणलेली दिसायची, तिथे आता चालताना घड्या पडू लागल्या. एका सकाळी तिने उजवीकडून अख्खा फेरा घेतला, नाक आत, पाठ गोल, आणि शेवटी तोंडातल्या तोंडात चघळत उभी राहिली. हिंदुरावांनी टोपी काढली. मला का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. घोडीचं वळण पाहून डोळ्यांत पाणी येणारा मी चिंचवडातला पहिलाच कारकून असेन.

परीक्षेला सहा दिवस उरले तेव्हा आम्ही टांगा जुंपला. चिमाजी आपल्या जागेवर चढला, खळ्यात आला, आणि म्हणाला, "चल गं बाय, उजवीकडं."

सगुणा डावीकडे वळली.

पुन्हा सुरुवात. पुन्हा डावीकडे. हिंदुरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी चिमाजीला खाली उतरवलं, स्वतः चढले, आणि टांगा उजवीकडे सुरेख वळला. मग मला बसवलं. मी आयुष्यात प्रथमच लगाम धरला होता, तरीही टांगा उजवीकडे वळला, इतका वळला की बबनरावांच्या कडब्याच्या गंजीत शिरला. बबनराव म्हणाले, "वळली न्हवं? मग झालं." चिमाजी चढला. सगुणा डावीकडे.

हिंदुराव टांग्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ चिमाजीकडे पाहत राहिले. घोडीकडे नाही. मग हळूच म्हणाले, "चिमाजी, उजवा हात वर कर बगू."

चिमाजी हलला नाही.

"कर की."

त्याने हात उचलला. छातीपर्यंत आला आणि थांबला. पुढे तो येतच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी माळ्यावर कडबा चढवताना चिमाजी पडला होता. खांदा धरला. तेव्हापासून दोन्ही लगाम तो डाव्या मुठीत धरत होता, आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवत होता, दिसायला. उजवा लगाम कधी ओढलाच जात नव्हता, म्हणून घोडी उजवीकडे कधी वळलीच नाही, आणि दोन वर्षं न वळल्याने तिचीही ती बाजू आखडली. आम्ही तिची बाजू मोकळी केली. पण लगाम ज्याच्या हातात त्याची बाजू तशीच होती.

चिमाजी टांग्याच्या पायरीवर बसला. "बिल्ला मान्साच्या नावावर आसतो, सायेब. हात गेलेल्या मान्साला कोन ठेवतंय? म्हनून बोललो न्हाई." त्याने पागोटं काढून मांडीवर घेतलं. "समदी तिला नावं ठेवीत हुती. मी ऐकून घेतलं. गप ऱ्हायलो. चवदा वरसांत तिनं मला एकदा खाली पाडलं न्हाई, आन मी तिच्यावर आळ घेऊ दिला."

त्याला काही तरी बोलावं असं मला वाटलं, पण गप्प राहण्याबद्दल बोलायचा हक्क त्या खळ्यात सर्वांत कमी माझा होता. मी चष्मा पुसला.

उपाय सुचवला कौशल्याबाईंनी, आणि या वेळी मिरच्यांशिवाय. विमलने त्यांना खांद्याचं सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडणं थांबवून म्हणाल्या, "कधी ऐकलंत का बाईचा खांदा धरलेला? आमच्या वेळी पहाटेपासून जातं ओढायचो. खांद्याला धरायला सवड कुठे होती? बसवा त्याला जात्यावर. तेल लावा आणि रोज दोन पायल्या दळू द्या."

चिमाजी ऐकेचना. "गडी मानूस जात्यावर? मंजुळा काय म्हनंल, गाव काय म्हनंल?" मंजुळाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "मंजुळा काय बी म्हननार न्हाई. दळन ऐतं मिळंल तिला." पण चिमाजी मान हलवत राहिला. आणि मी, का ते आता सांगता येईल, तेव्हा नाही, पटकन म्हणालो, "मी समोर बसतो. दोघं मिळून ओढू."

विमलने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिच्या नजरेत लग्नानंतर पहिल्यांदाच नवा दिसत असेन.

कौशल्याबाईंचं जातं आमच्या मागच्या पडवीत होतं. दुसऱ्या सकाळी चिमाजी आणि मी समोरासमोर पाय पसरून बसलो, उजवा हात खुंट्यावर, मधे ज्वारी. दार लावून घेतलं होतं. जात्याचा वरचा दगड जड असतो हे मला माहीत होतं, पण इतका जड असतो हे मला सांगायची आमच्या घरातल्या कुठल्याही बाईला इतक्या वर्षांत गरज वाटली नव्हती. पहिल्या दोन फेऱ्यांत चिमाजीने ओठ दाबले. खुंटा त्याच्यापासून दूर गेला की त्याचा हात अडकायचा. तिथे मी थोडं ओढायचं, पण थोडंच, तो देईल तेवढंच, आणि दिलं की सोडायचं. हिंदुराव पडवीबाहेर उभे राहून दाराच्या फटीतून, घोडेस्वारांना सांगावं तसे, ओरडत होते, "भाईरचा हात सांबाळा. जोर करू नगा."

ओव्या आम्हाला येत नव्हत्या. पण गाण्याशिवाय जातं लयीत फिरत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. चिमाजी म्हणाला, "सायेब, तुमी शिकलेली मानसं. कायतरी म्हना." मला पाठ असं एकच होतं. मी पावकी, म्हणजे पावाचा पाढा, म्हणू लागलो. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. चौथ्याला जातं बरोबर फिरून जागेवर येत होतं. तिसऱ्या दिवशी चिमाजीला पावकी पाठ झाली. चौथ्या दिवशी आम्ही निमकीवर, म्हणजे अर्ध्याच्या पाढ्यावर, आलो. मंजुळाबाई रोज पुढच्या खोलीत बसून तेल गरम करीत आणि आतून 'तीन पाव पाऊण' ऐकू आलं की हसू दाबत. पाचव्या दिवशी दाराची कडी नीट लागली नव्हती, आणि यशवंतराव काही कामाने घरी आले ते सरळ पडवीत. मी भुवयांपर्यंत पांढरा झालो होतो. त्यांनी एकवार माझ्याकडे, एकवार जात्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पानसे, याचाही लेखी खुलासा लागेल का हो?" आणि पीठ चुकवत, धोतर सावरत ते निघून गेले. त्या दिवसापासून ऑफिसात मला कुणी चहाला बोलवताना आधी हातांकडे पाहत असे.

पण हात येऊ लागला होता. छातीवरून खांद्यापर्यंत, खांद्यावरून जरा वर. पूर्ण नाही. हिंदुराव म्हणाले, "पुरा नकोच. लगामाला इंचभर लागतोय."

सोमवारी अधिकारी आले. खाकी कपडे, हातात फाइल, आणि घाई. ते टांग्यात चिमाजीच्या शेजारी बसले. मागे मी बसलो, या वेळी तोंड पुढे वळवून. कशासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी "रोजचं गिऱ्हाईक" असं म्हणालो, आणि त्यांनी फाइलमध्ये माझं नाव आहे का ते पाहू नये म्हणून मान खाली घातली. हिंदुराव, बबनराव, कौशल्याबाई आणि निम्मं गाव फाटकापाशी उभं होतं.

फाटक उघडलं. टांगा मुंबई-पुणे रस्त्याला आला. समोर आमराई, डावीकडे आकुर्डी, उजवीकडे पिंपरी. मुंबईकडून एक मालट्रक येत होता, तो जाऊ दिला. मग अधिकारी म्हणाले, "राइट घ्या."

सगुणा थांबली. तिचे कान मागे, चिमाजीकडे झाले. दोन वर्षं या जागी तिला सरळ जायचं असतं आणि मग आमराईतून डावीकडे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला चिमाजीचा उजवा खांदा पाठीमागून दिसत होता. तो हलत नव्हता. तेवढ्यात चिमाजी अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणू लागला, "एक पाव पाव... दोन पाव अर्धा..." आणि तिसऱ्याला त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, उजवा लगाम इंचभर मागे आला, आणि सगुणेच्या बरगडीवर घडी पडली. नाक आत आलं, पाठ गोल झाली, आणि टांगा पिंपरीच्या दिशेने वळला. चार पाव एक.

"हे काय म्हणत होता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"घोडीला शिकीवलंय सायेब," चिमाजी म्हणाला.

अधिकाऱ्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं. त्यांनी आणखी दोनदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळवून पाहिलं आणि बिल्ला कायम केला. जाताना म्हणाले, "टांगेवाल्यांना हिशेब येतो हे चांगलं आहे." फाटकापाशी हिंदुरावांनी चिमाजीला सलाम ठोकला, आणि चिमाजीने उजव्या हाताने परत केला. कपाळापर्यंत पोचला नाही, पण भुवईपर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच टांग्यात होतो. मी पुढे बसलो होतो. फाटकाच्या अलीकडेच मी ठरवलेलं बोलून टाकलं. "चिमाजी, ती तक्रार मी लिहिली होती. माझ्या खुलाशाखाली मीच ती प्रत लावली. तुम्ही कागद वाचायला दिलात तेव्हा माझं नाव मी गाळलं. खोकलो ते त्यासाठी."

चिमाजीने घोडीकडेच पाहत मान हलवली. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"पयल्याच दिसापासनं. कागुद आधी टेसनमास्तरला दावला हुता. त्यानं समदं वाचून दावलं, तुमच्या नावासकट."

"मग माझ्याकडे कशाला आणलात?"

चिमाजीने फाटकाकडे पाहिलं. फाटक उघडं होतं. टांगा रूळ ओलांडून पुढे आला.

"म्हनलं, ज्यानं ह्यो गुता केला त्यालाच तो सोडवायचा ठावं आसंल," तो म्हणाला. "आन तुमी वाचताना खोकला, तवा वाटलं, मानूस सोडवील."

रस्ता आला. चिमाजीने उजवा हात उचलला. सगुणा वळली, आमराई डाव्या हाताला राहून गेली. मी मान वळवली नाही, कारण डोळे पुन्हा ओले झाले होते, आणि ते चिमाजीला दिसू नयेत असं वाटत होतं.

"सायेब," तो थोड्या वेळाने म्हणाला, "रयवारी बाजरी दळायची हाय. याल न्हवं?"

"येईन," मी म्हणालो. त्या दिवशी मी कारखान्यात वीस मिनिटं आधी पोचलो. कारखान्याचं फाटक अजून उघडलं नव्हतं, म्हणून मी बाहेर उभा राहून मनातल्या मनात निमकी पाठ केली.